पश्चिमेकडची खोली

बटाट्यांच्या शेवटच्या चार सऱ्या काढायच्या राहिल्या होत्या, तेव्हा बार्टली कुंपणाच्या दगडांवर कोपर टेकून उभा राहिला.

“कामाला देवाची बरकत असो,” तो म्हणाला.

“तुलाही असो,” साबीना म्हणाली. तिनं पाठ सरळ केली नाही. एकाहत्तराव्या वर्षी पाठ सरळ केली की पुन्हा वाकवायला वेळ लागतो, म्हणून ती सरी संपल्यावरच उभी राहत असे. तिचा मुलगा फेस्टस पुढं फावड्यानं माती उलथत होता आणि ती मागून बटाटे वेचून टोपलीत टाकत होती. माती इतकी ओली होती की प्रत्येक बटाटा अंगठ्यानं पुसावा लागे.

“मी जाऊन आलो,” बार्टली म्हणाला. लग्नं जुळवणं हा काही त्याचा धंदा नव्हता, पण आसपासच्या निम्म्या चुलींवर त्याच्या शब्दानं भांडं चढलं होतं. “डीलिया हो म्हणाली.”

फेस्टसचं फावडं थांबलं.

“पण तिची एक अट आहे. खोली. ती म्हणते, घरात एक स्वयंपाकघर आणि एक खोली, त्या खोलीत सासू, मग मी कुठं निजू? मी म्हटलं, फेस्टस माळ्यावर निजतो. तर म्हणते, मग त्याचं लग्न माळ्याशीच लावा.”

साबीनाला हसू आलं. “जीभ आहे तर तिला.”

“जीभ आहे, दोन चांगले हात आहेत आणि छत्तीस वय आहे. हा चव्वेचाळीसचा. निवडत बसायला दोघांनाही सवड नाही.” बार्टलीनं बोटावर महिने मोजले. “फेब्रुवारीच्या मध्याला उपासाचे चाळीस दिवस लागतात. त्या दिवसांत पाद्री लग्न लावत नाही. आणि उपासाआधीच्याच आठवड्यात तिचा भाऊ लग्न करून बायको त्या घरात आणतो आहे. एका चुलीला दोन मालकिणी झाल्या की तिसऱ्या दिवशी झाडू उडतात. तोवर इथं खोली उभी नसेल, तर डीलिया बॉस्टनला मावशीकडे जाणार. मावशीचं पत्र आलंय.”

फेस्टसनं फावड्याच्या पात्याला चिकटलेली माती बोटानं काढली. मग म्हणाला, “बरं.”

दिवसाकाठी त्याच्या तोंडून जे आठ-दहा शब्द निघत, त्यांतला हा एक. त्याचा अर्थ होकार, की नुसतं ऐकलं एवढंच, हे त्याच्या आईलासुद्धा सांगता आलं नसतं.

खोली बांधायची तर जागा एकच होती. घराच्या पूर्वेला गोठा चिकटलेला, त्याच्यापलीकडे उघडा खडक. मागं टेकडाचा चढ, पुढं अंगण आणि रस्ता. राहता राहिली पश्चिम. आणि पश्चिमेला, दोन शेतं ओलांडून, गढी होती.

मातीचा गोल बांध, पुरुषभर उंच, त्यावर काटेरी झाडांचं कडं, आत गवताशिवाय काही नाही. तिथलं गवत कोणी कापत नसे. वाऱ्यानं फांदी मोडून पडली तरी सरपणाला कोणी आणत नसे. आत जे राहतात त्यांचं नाव घ्यायची रीत नव्हती. ‘ती माणसं’ म्हणायचं, फार तर ‘चांगली माणसं’, कारण त्यांना ऐकू येतं. अशीच दुसरी गढी पूर्वेला ओढ्यापलीकडच्या टेकडीवर होती, आणि एकीतून दुसरीकडे जाण्याची त्यांची वाट कुठून तरी जात होती. कुठून, ते कोणी सांगू शकत नव्हतं. त्या वाटेवर भिंत घातली तर काय होतं, ते मात्र सगळेच सांगू शकत होते.

साबीनाचा नवरा ल्यूक जिवंत असताना त्या घरात नऊ माणसं निजत. पश्चिमेला घर वाढवणारा माणूस देवापेक्षा जबर असावा लागतो, असं तो म्हणे आणि पोरं ओल्या गवताच्या पेंढ्यांसारखी एकावर एक रचून निजवी. आता पाच अमेरिकेत होती, एक दफनभूमीत, आणि एक समोर बसून ताकाबरोबर बटाटे खात होता.

“दगड ठेवून बघू,” साबीना त्या संध्याकाळी म्हणाली.

“आणि हलला तर?”

“हलला तर नाही.”

“नाही म्हणजे नाहीच,” फेस्टस म्हणाला. त्यानं बटाट्याचं साल काढून ताटलीच्या कडेला नीट ठेवलं. “त्या खोलीत कोण जाणार?”

“मी. म्हातारी माणसं चुलीमागच्या खोलीत जातात. माझी सासूही चुलीमागंच मेली असती, चुलीमागं खोली असती तर.”

“गढीच्या बाजूला.”

“मध्ये भिंत असेल ना.”

तो ताटली घेऊन उठला.

कोलमन गवंडी दुसऱ्या दिवशी आला. तो ल्यूकच्या बरोबरीचा, एका डोळ्यात चुना गेल्यामुळं तो डोळा कायम मिटल्यासारखा. त्यानं पावलांनी जागा मोजली, दोरी लावली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. दगड असे निवडले की कोंबडीला किंवा मेंढराला हलवता येऊ नयेत. प्रत्येक दोन भरल्या बादल्यांच्या वजनाचा. ठेवताना त्यानं खालचं गवत हातानं सपाट केलं.

“तीन रात्री,” तो म्हणाला. “अंधार पडल्यावर इकडे कोणी फिरकायचं नाही. मुतायलासुद्धा नाही. गाढव बांधून ठेवा, हंस कोंडून ठेवा. तीन रात्री दगड जागचे हलले नाहीत, तर त्यांची हरकत नाही. एक जरी हलला, तरी मी थापी उचलणार नाही. मला नातवंडं आहेत.”

पहिल्या सकाळी आई आणि मुलगा दोघं मिळून बघायला गेले. चारही दगड जागेवर होते. दुसऱ्या सकाळीही होते. वायव्येचा दगड, गढीला सगळ्यांत जवळचा, त्याच्यावर एक गोगलगाय बसली होती, तेवढंच.

तिसऱ्या सकाळी साबीना अंधारातच जागी झाली. रात्री आभाळ निवळलं होतं आणि वर्षातलं पहिलं दंव पडलं होतं. तिनं राखेखालचा विस्तव उकरला, दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या दोन विटा सारल्या, शाल डोक्यावरून घेतली आणि बादली घेऊन बाहेर पडली. माळ्यावर फेस्टसचा श्वास ऐकू येत होता. एकटीनं जायचं तिनं ठरवलं नव्हतं. बादली घेऊन विहिरीकडे जाताना पाय तिकडे वळले, इतकंच.

उजेड राखाडी होता, पण पुरेसा. तीन दगड जागेवर. वायव्येचा नव्हता.

तो दीड हात आत सरकला होता.

साबीनानं बादली खाली ठेवली. डोळे आपलं काम करू लागले. सत्तर वर्षं जनावरांच्या मागं काढलेली बाई माग बघितल्याशिवाय राहत नाही. तिनं आधी जमीन पाहिली. खुराचा ठसा नाही, पायाचा नाही. गवताचं पातं न् पातं पांढरं आणि उभं. दगडाला लोकर किंवा केस चिकटलेले नाहीत. जिथं दगड आधी होता तिथं पिवळं, दबलेलं गवत दिसत होतं. त्याच्यावरही दंव होतं, आणि दगडाच्या पाठीवरही तितकंच होतं. म्हणजे तो दंव पडायच्या आधी हलला. काल जेवणाच्या सुमाराला, अंधार पडता पडता. गाढव तेव्हा बांधलेलं होतं. हंस कोंडलेले होते. म्हणजे जनावर नाही. आणि माणूस इकडे येणार नव्हता, येऊच शकत नव्हता.

राहिलं कोण, त्यांचं नाव तिनं मनातही घेतलं नाही.

तिनं गढीकडे पाहिलं. काटेरी झाडं स्थिर होती. मग तिनं घराकडे पाहिलं. धुराड्यातून तिनंच पेटवलेल्या विस्तवाचा धूर सरळ वर जात होता. अजून दहा वर्षं ती तो पेटवील, फार तर. त्यानंतर फेस्टस एकटा उठेल. एकटा बटाटे उकडील, एकटा त्यांची सालं ताटलीच्या कडेला नीट ठेवील. बोलायला कोणी नसलं की त्याचे आठ-दहा शब्दही बंद होतील. त्या भागात दोन म्हातारे ब्रह्मचारी तसेच एकेकटे राहत होते. त्यांतला एक मेला तेव्हा चौथ्या दिवशी कळलं.

खोली माझीच असणार आहे, तिच्या मनात आलं. काय यायचं ते त्या खोलीत येईल. त्या खोलीत मी असेन.

गोठ्याच्या भिंतीला पहार टेकवून ठेवलेली होती. ती पोलादाची, तिच्या खांद्याइतकी उंच. साबीनानं ती ओढत आणली, हाताएवढ्या दगडाचा टेकू केला, पहारेचं टोक दगडाखाली सारलं आणि पहारेवर पोट टाकलं. दगड चार बोटं उचलला गेला आणि पुढं पडला. पुन्हा टेकू सरकवला, पुन्हा पोट टाकलं. सातव्या वेळी दगड पिवळ्या गवतावर बसला. तिनं गुडघे टेकून तो दोन्ही तळव्यांनी फिरवला, कडा जुन्या ठशाशी जुळेपर्यंत. तळव्यांची साल गेली होती. कमरेत एक तार तुटल्यासारखी कळ आली; ती पुढं कधीच पुरती गेली नाही.

पहार जागेवर ठेवून तिनं हंस सोडले आणि काठीनं त्यांना त्याच गवतावरून हाकलून नेलं. बावीस हंसांच्या पावलांनी दंवाचा एक कण शाबूत ठेवला नाही.

फेस्टस बाहेर आला तेव्हा ती विहिरीवर होती.

“मी बघितलं,” ती लांबूनच म्हणाली. “चारही जागेवर आहेत.”

तो दगडांपर्यंत गेला. वायव्येच्या दगडापाशी उकिडवा बसला, त्याच्यावर हात ठेवला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागं घेतला. उठला तेव्हा त्याचा चेहरा पीठ लावल्यासारखा झाला होता.

“जागेवर आहे,” तो म्हणाला. मग त्यानं गढीकडे तोंड केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

आनंदानं भांबावलाय, साबीनाला वाटलं. पोराला लग्न इतकं हवं होतं आणि मला कळलं नाही.

नोव्हेंबर लागला तसं काम सुरू झालं. फेस्टस गाढवाच्या गाडीतून दगड आणी, तळ्याच्या काठची वाळू आणी, चार मैलांवरच्या भट्टीतून चुना आणी. पावसात चुना भिजू नये म्हणून स्वतःचा कोट त्याच्यावर टाकून तो शर्टावर चालत येई. त्याचं काम बघून कोलमनही चकित झाला.

“तुझ्या पोराला कुणी किल्ली दिली गं?” तो साबीनाला म्हणाला. “मी एक दगड मागितला की तीन आणतो. काल तर गुणगुणत होता.”

साबीना वाळू चाळत होती. गुणगुणणं तिनंही ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिच्या छातीवर एक दगड चढला होता.

ती मोजत होती. पहिल्या आठवड्यात गाढव लंगडलं. कोलमननं खुरातून खडा काढला. दुसऱ्या आठवड्यात घुसळायला बसली तर लोणी दोन तास येईना. त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. तिसऱ्या आठवड्यात एक तलंग कोंबड्यासारखी आरवली; तिची मान पिरगळून तिनं सूप केलं आणि फेस्टसला सांगितलं की ती अंडी देत नव्हती. प्रत्येक गोष्टीचं कारण ती शोधी, बहुतेक वेळा ते सापडेही. पण कारण सापडलं म्हणून ती गोष्ट मोजणीतून काढून टाकायचं धाडस तिला होत नसे.

भिंती कमरेइतक्या झाल्या तेव्हा ती कोलमनपाशी जाऊन उभी राहिली. फेस्टस वाळूला गेला होता.

“तो कोपरा मार,” ती म्हणाली. “वायव्येचा. काटकोन नको. तिरपा घे.”

कोलमननं ओळंबा खाली सोडला आणि तो स्थिर होईपर्यंत बघत राहिला. “मी चाळीस घरं बांधली. कोपरा दोनदाच मारला. दोन्ही वेळा तो त्यांच्या वाटेत येत होता, आणि मालकानं तसं सांगितलं होतं.”

“मी मालक नाही. म्हातारी आहे. मनात आलं म्हणून सांगते.”

“दगड हलला नव्हता म्हणालीस.”

“नव्हता हलला.”

“साबीना.”

“नव्हता हलला, कोलमन.”

त्यानं चांगल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या तळव्यांकडे. ते शालीखाली होते. त्यानं थापी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. ‘मला नातवंडं आहेत’ असं तो पुन्हा म्हणेल याची ती वाट बघत होती.

“गाडी वळवायला बरं पडेल,” तो शेवटी म्हणाला. “कोपरा असा पुढं आला की चाक घासतं. कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. तूही तेच सांग.”

त्या दिवसापासून काम सुरू करण्याआधी तो थापीवर थुंकून क्रूस काढू लागला.

जानेवारीत भिंती पुऱ्या झाल्या. छपराला ओकची लाकडं चढली आणि ओटच्या काडानं शाकारणी झाली. मग रिवाजाप्रमाणं डीलिया घर बघायला आली, बार्टलीबरोबर, चिखलातून पाच मैल चालत. उंच, हाडापेरानं मोठी बाई, नाक थंडीनं लाल झालेलं. तिनं घुसळणीच्या पिंपात वाकून वास घेतला, गाईच्या सडांना हात लावून बघितला आणि कोंबड्या मोजल्या. मग घराला वळसा घालून मागं गेली आणि थांबली.

“या कोपऱ्याला काय झालं?”

“गाडी वळायला,” साबीना म्हणाली.

“इकडून तर गाडी जात नाही. दलदल आहे.”

“जाईल. उन्हाळ्यात.”

फेस्टस पाठीमागं उभा होता. तो गेला, त्यानं गाढव जुंपलं आणि रिकामी गाडी त्या कोपऱ्यावरून वळवून दाखवू लागला. एक चाक आसापर्यंत चिखलात रुतलं. गाढवानं मागं वळून बघितलं आणि पुढं जायला साफ नकार दिला.

“उन्हाळ्यात,” डीलिया म्हणाली. तिच्या तोंडाचा कोपरा हलला. फेस्टस लाजून हसला, आणि तीही हसली. साबीनाला वाटलं, जमलं.

आत नवी खोली चुन्यानं पांढरी झाली होती. चुलीची पाठ तिच्या पूर्वेच्या भिंतीला होती, त्यामुळं ती भिंत हाताला ऊन लागे. डीलियानं दोन्ही तळवे त्या भिंतीवर टेकले आणि डोळे मिटले.

“बाई,” ती साबीनाला म्हणाली, “मी वाटेत विचार करत आले. तुम्ही चाळीस-पन्नास वर्षं त्या खोलीत निजता आहात. या वयात माणसाला उचलून दुसरीकडे ठेवणं बरं नव्हे. तुम्ही तुमच्या जागी राहा. ही खोली आम्ही घेतो.”

“नाही,” साबीना म्हणाली.

ते इतकं जोरात निघालं की दारातला बार्टली वळून बघू लागला.

“मला त्रास नाही,” डीलिया म्हणाली. “मी उलट—”

“ही खोली माझी आहे. इथं मीच निजणार. दुसरं कोणी नाही.”

डीलियानं भिंतीवरचे हात काढले. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. “बरं,” ती म्हणाली. “ऊब म्हाताऱ्या हाडांनाच हवी.”

चहा झाला. साखरेचं भांडं दोनदा तिच्यापुढं सरकवलं गेलं आणि दोनदा तिनं ते तसंच मागं सरकवलं. निघताना अंगणात ती बार्टलीला म्हणाली, हलक्या आवाजात, पण साबीनाचे कान अजून शाबूत होते, “जी चुलीमागची भिंत सोडत नाही, ती चूल काय सोडणार?”

ते गेल्यावर फेस्टस आईसमोर उभा राहिला. “तिनं चांगल्या मनानं विचारलं होतं.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

साबीना ताटल्या धुवत होती. सांगण्यासारखं एकच कारण होतं, आणि ते सांगितलं असतं तर त्या खोलीचं छप्पर त्याच रात्री उतरवावं लागलं असतं. “मला ऊब हवी,” ती म्हणाली. “झालं?”

नऊ दिवस निरोप नव्हता. फेस्टसचं गुणगुणणं थांबलं. तो गोठ्यात शेण ओढी, दगडी कुंपणाची पडलेली भगदाडं भरी, आणि काम नसलं की नव्या खोलीच्या दारात उभा राहून आत बघे. साबीना कमरेची कळ दाबून त्याच्यामागं वावरे. तिला वाटे, त्या माणसांनी काही करायची गरजच पडली नाही. मीच केलं.

दहाव्या दिवशी बार्टली आला. “येते म्हणाली,” तो म्हणाला. “उपासाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, लग्न. पण तिनं जे काय मनात धरलंय ते धरूनच येते आहे. तू जरा सांभाळून घे, साबीना. ती येईल तेव्हा पहिला कप तिच्या हातानं ओतू दे. निदान तेवढं.”

“ओतू दे,” साबीना म्हणाली.

सोमवारी सकाळी फेस्टसनं आईचा पलंग जुन्या खोलीतून बाहेर काढला. ओकचा जड पलंग, ल्यूकच्या बापानं केलेला. त्याच्यावर सात पोरं जन्मली होती. नव्या खोलीचं दार चुलीच्या बाजूला, अरुंद. पलंग आडवा करून, पाय आधी घालून, पुन्हा बाहेर काढून, दाराच्या कडेचा चुना खरवडून तो आत नेण्यात अर्धा तास गेला. त्यानं तो भिंतीशी लावला, वर गादी टाकली, गादीवर गोधडी टाकली.

साबीना पलंगावर बसली. समोर पश्चिमेची भिंत. तिच्यापलीकडे दोन शेतं. तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली, मग भिंतीकडे बघत पुन्हा एकदा केली. तिला वाटलं फेस्टस बाहेर गेलाय.

तो दारातच होता.

“आई,” तो म्हणाला. “तू घाबरतेस.”

“थंडी आहे.”

“इथं थंडी नाही.” तो आत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला, गाईची धार काढायला बसतो तसा. “तुला एक सांगतो. कोणाला सांगू नकोस. पाद्र्यालाही नाही.”

“नाही सांगत,” ती म्हणाली.

“तो दगड मी हलवला होता.”

चुलीवरची किटली वाजायला लागली. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

“कुठला दगड?” ती म्हणाली.

“गढीकडचा. तिसऱ्या संध्याकाळी. गाईला बघायला म्हणून गेलो, तेव्हा. दीड हात आत सरकवला.”

“का?”

“तुला इथं निजवायचं,” त्यानं समोरच्या भिंतीकडे हात केला, “त्यांच्या तोंडासमोर. आणि मी तिकडे बायको घेऊन. मला ते घशाखाली उतरेना. पण बार्टलीला नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. आणि डीलिया...” तो थांबला. “डीलिया मला हवी होती. म्हणून म्हटलं, मी नाही म्हणत. दगडालाच नाही म्हणू दे.”

चव्वेचाळीस वर्षांत तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता.

“आणि सकाळी?” साबीनानं विचारलं.

“सकाळी जागेवर होता.” त्याचा आवाज खाली गेला. “जिथून उचलला होता तिथंच. ठशात ठसा. बोटभर फरक नाही. मला दोन्ही हातांनी पोटाशी धरून न्यावा लागला होता, आणि तो परत तिथं. त्यांनी ठेवला, आई. मी खोटं केलं आणि त्यांनी ते निस्तरलं. म्हणून सांगतो, घाबरू नको. त्यांनी होच म्हटलंय. दुसऱ्या कुणाला इतकं स्पष्ट कधी म्हटलं नसेल.”

साबीनानं हात मांडीवर ठेवले. पहिली रात्र, दगड जागेवर. दुसरी रात्र, जागेवर. तिसऱ्या रात्री हलला तो फेस्टसच्या हातानं. मग त्या माणसांनी काय केलं? काहीच नाही. तीन रात्री त्यांनी काहीही केलं नव्हतं. गाढवाच्या खुरात खडा होता. लोणी थंडीनं अडलं होतं. तलंग आरवली, तर आरवते एखादी. चार महिने ती छातीवर जे वाहत होती ते एकेक करून उतरत गेलं, आणि त्याच्या जागी आधी राग आला आणि मग हसू आलं.

तो वर तिच्याकडे बघत होता. सात वर्षांचा असताना अडलेल्या मेंढीचं बाळंतपण एकट्यानं करून आला होता, तेव्हा असाच बघत होता. त्याला सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. पण मग त्याच्याकडे काय उरलं असतं? एक पहार आणि एक खोटारडी म्हातारी. उद्या सकाळी वेदीसमोर तो हे दोन्ही बरोबर घेऊन उभा राहिला असता.

“बोल ना,” तो म्हणाला. “तुला काय वाटतं?”

“मला वाटतं,” साबीना म्हणाली, “त्यांना तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे.”

तो हसला. डोकं खाली घालून, खांदे हलवत, आवाज न करता, बापासारखा.

तिनं त्याला हसू दिलं. मग पलंगाच्या कडेला धरून उठली. “पलंग उचल.”

“कुठं?”

“माझ्या खोलीत. जुन्या.”

“आत्ता तर आणला.”

“आत्ताच परत ने. ही खोली तिला हवी होती ना? मग ती तिची. मला त्या खिडकीतून रस्ता दिसतो. इथून मला काय दिसणार?”

“पण तूच म्हणाली होतीस, मला ऊब हवी—”

“म्हणाले होते. आता हे म्हणते. उचल.”

तो उभा राहिला आणि पलंगाकडे, दाराकडे, पुन्हा पलंगाकडे बघू लागला. “हे तिला कोण सांगणार?”

“तू. आणि उद्या नाही, आज. ती मनात जे धरून येणार आहे ते इथं येण्याआधी खाली पडलं पाहिजे. सांग, आईनं खोली सोडली. का सोडली विचारलं तर सांग, म्हातारी लहरी आहे.”

“ते तिला माहीत आहे,” फेस्टस म्हणाला.

पलंग दारातून अर्धा बाहेर आला आणि अडकला. त्यानं एकदा ओढून बघितलं, मग सोडून दिलं. नंतर बघू, तो म्हणाला, आणि पलंगावरून चढून पलीकडे गेला, बाह्या वर केलेल्या, शर्टाला चुना लागलेला. साबीना नव्या खोलीतच राहिली. बाहेर पडायला वाट नव्हती. तिनं त्याला शर्ट बदलायला सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण पावलं अंगणापलीकडे पोचली होती. डीलियाच्या घरापर्यंत रस्त्यानं पाच मैल होते. तो रस्त्याकडे वळलाच नाही. खोलीच्या लहानशा खिडकीतून तिला तो दिसला, शेतांतून सरळ पश्चिमेकडे, गढीच्या बांधाला खेटून, लांब टांगा टाकत जाताना.